युद्धकाळाची खतावणी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते. रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स हा तेव्हाचा दर धरला, तर ही रक्कम १,७०० कोटी रुपयांच्या वर जाते. सहाच वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. रेल्वे, कालवे आणि साहेबाचा जुना कारभार यांपायी हिंदुस्थानच्या डोक्यावर लंडनचे कर्ज होते. युद्धात ते जवळजवळ सगळे फिटले आणि वर येणे निघाले. राज्यकर्ता देणेकरी झाला, रयत सावकार झाली. फक्त या सावकाराच्या घरात तांदूळ नव्हता.

या उलाढालीची वही १९४३ पासून ज्यांच्या हाती होती, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख आपल्या महाड तालुक्यातले. रायगडाच्या वाटेवरच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला.

महाड-पोलादपूरला युद्धपुरुषांची वाण नाही. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना पडलेले मुरारबाजी देशपांडे महाडकडचेच. या पंक्तीला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर नेऊन बसवायचा म्हटले तर श्रोत्यांतला एखादा हसेल, आणि हसावेच. चिंतामणरावांनी आयुष्यात तलवार धरली नाही की मोर्चा काढला नाही. पण विसाव्या शतकातले युद्ध केवळ रणांगणावर लढले जात नव्हते. चर्चिलची भाषणे जगाच्या लक्षात राहिली. त्या भाषणांमागे कापड, तंबू, बूट, गोण्या, इथून उखडून मध्यपूर्वेत नेलेले रेल्वेचे रूळ आणि हिंदी फौजेतली २५ लाखांच्या घरातली माणसे उभी होती. या सगळ्याची किंमत कुणीतरी मांडून ठेवणे भाग होते. रायगडावरच्या अष्टप्रधानांतही जमाखर्च पाहणारा अमात्य होताच.

चिंतामणरावांचे वडील रोह्याला वकिली करत. मुलगा १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन बसला. १९१५ मध्ये तो केंब्रिजला जीझस कॉलेजात गेला. तिथे त्याने वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र असे विषय घेतले आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक मिळवले. पुढे देशाचा अर्थमंत्री होणाऱ्या माणसाने पदवीसाठी अर्थशास्त्र घेतले नव्हते, हे आजच्या पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा झाली, तीतही पहिला क्रमांक यांचाच.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. ही सरकारी चाकरी सोडून देशकार्यात उतरावे का, असा प्रश्न तरुण देशमुखांनी त्यांच्यापुढे ठेवला. टिळकांनी चाकरी करण्याचाच सल्ला दिला. स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. सल्ला देणारा माणूस राजद्रोहाबद्दल सहा वर्षे मंडालेला काढून आलेला होता, म्हणून त्या सल्ल्याला वजन.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीस वर्षे गेली. जमाबंदी, महसूल, पुढे प्रांताचे अर्थखाते. मध्ये १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम केले. त्या परिषदेला गांधीजी आणि डॉ. आंबेडकर दोघेही होते. जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेकडे आले. युद्ध दोन महिन्यांवर होते. डिसेंबर १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले, त्याच महिन्यात जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि खुर्ची जवळजवळ सहा महिने रिकामी राहिली. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ती देशमुखांना मिळाली. बँकेचे ते तिसरे गव्हर्नर आणि पहिले हिंदी.

आता युद्धाचा पैसा कसा चालला ते नीट पाहायला हवे, कारण देशमुखांची सारी कर्तबगारी आणि सारी मर्यादा त्यात आहे.

युद्ध सुरू झाल्यावर दिल्ली आणि लंडन यांच्यात संरक्षणखर्चाचा करार झाला. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा ठरावीक खर्च हिंदुस्थानने करायचा, त्यापलीकडचा ब्रिटनने सोसायचा. कागदावर हे न्याय्य दिसते. पण ब्रिटन पैसे देत होता कसे? माल इथे खरेदी व्हायचा, ठेकेदाराला आणि शिपायाला इथेच रुपये मिळायचे, आणि त्या बदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा व्हायचे. ते पौंड रोख उचलता येत नव्हते, कारण युद्ध चालू असताना ब्रिटनकडे विकायला माल नव्हता. पण बँकेच्या कायद्यानुसार त्या पौंडांच्या रोख्यांवर इथे नोटा काढता येत होत्या. त्या निघाल्या. १९३९ मध्ये चलनातल्या नोटा २०० कोटी रुपयांच्या आत होत्या, १९४५ अखेरीस त्या १,२०० कोटींच्या आसपास गेल्या. माल देशाबाहेर गेला, कागद देशात राहिला. भाव चढले नसते तरच नवल.

महाड आणि पोलादपूरच्या गावांतून निम्मे घर मुंबईच्या गिरण्यांत असे. चाकरमान्याची मनीऑर्डर आली की गावच्या वाण्याची उधारी मिटायची. युद्धाच्या तेजीत गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या, महागाईभत्ता सुरू झाला, मनीऑर्डरचा आकडा वाढला. पण तेवढ्या पैशात पूर्वीइतके धान्य येईना. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशन सुरू झाले. सुटी मोड मिळेना. १९४० पासून एक रुपयाची नोट आली, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि पाठोपाठ जुने राणीछाप रुपये चलनातून काढून घेण्यात आले. कोकणातल्या म्हाताऱ्या बायकांनी ते गाडग्यात घालून जमिनीत का पुरले, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडते: वाईट पैसा बाजारात फिरतो, चांगला घरात दडतो. त्यांना ते कुणी शिकवावे लागले नाही.

इथे महाडशी नाते असलेल्या आणखी एका माणसाचे नाव घ्यायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या चार वर्षे आधी. रुपया लंडनच्या आधारावर टांगला, तर तो किती काढावा याला आतून लगाम राहत नाही आणि वाढत्या भावांचा मार गरिबाला बसतो, ही त्यांची चिंता होती. वीस वर्षांनी नेमके तेच घडले. तेव्हा, जुलै १९४२ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि महागाईने होरपळलेला कामगार हा त्यांच्याच खात्याचा विषय होता. रुपयाच्या घसरणीचे निदान केलेला माणूस दिल्लीत, त्या रुपयाच्या नोटांवर सही करणारा माणूस मुंबईत. दोघांच्याही चरित्रात महाड आहे, वेगवेगळ्या कारणांनी.

तिसरे महाड रस्त्यावर होते. सप्टेंबर १९४२ मध्ये नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला, तरुण पोरे धारातीर्थी पडली. त्या महिन्यात देशमुख रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर होते आणि १९४४ साली त्यांना सरकारने ‘सर’ ही पदवी दिली, ती त्यांनी घेतली. चरित्रकारांना हा कोपरा अडचणीचा वाटतो. बरेचजण तो घाईने ओलांडतात. प्रस्तुत वक्त्याला घाईचे कारण दिसत नाही. टिळकांनी त्यांना ज्या वाटेला लावले त्या वाटेवर हेही येणारच होते. गावातली पोरे गोळी खात असताना गावचा सर्वांत हुशार माणूस सरकारच्या वह्या सांभाळत होता, हे सत्य आहे. त्या वह्यांत कुणी हिंदी माणूस नसता, तर नंतरच्या वाटाघाटीत देशाची बाजू लुळी पडली असती, हेही सत्य आहे. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

गव्हर्नर म्हणून त्यांच्या हाती काय होते? हुंडणावळीचा दर लंडन-दिल्लीने बांधलेला. युद्धखर्चाचा करार आधीच झालेला. नोटा काढणे थांबवण्याचा अधिकार नावापुरता. थांबवल्या असत्या तर फौजेचा पगार थांबला असता. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख सांगितला, नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांच्या आसपास नेला. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, वाहतूक फौजेकडे होती, नावा सरकारने आधीच ताब्यात घेतल्या होत्या. आणि ज्याच्या हाती नव्या नोटा पोचल्या नव्हत्या, त्या भूमिहीन मजुराला बाजारात उरलेला तांदूळही घेता येईना. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात त्या वर्षी पौंडांची जमा वाढलेली दिसते. ती जमा कुणाच्या ताटातून आली, याचा रकाना ताळेबंदात नसतो.

पैसा शोषून घेण्याचे उपाय झाले. सरकारी कर्जरोखे विकले गेले, अमेरिकेकडून चांदी उसनी आणली गेली. ऑगस्ट १९४३ पासून रिझर्व्ह बँक ब्रिटन-अमेरिकेच्या वतीने इथल्या बाजारात सोने विकू लागली. हिंदी माणूस नोट ठेवणार नाही पण सोने ठेवील, हे लंडनलाही कळले होते. सोन्याचा विषय निघाला की मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ आठवतो. गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या बोटीवर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या लगडी एकत्र भरल्या होत्या. आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसे गेली. एक लगड लांबच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली. ज्याच्या घरात ती पडली त्याने ती इमानाने परत केली. त्या युद्धात हिंदी माणसाने साहेबाला काय काय परत केले, त्यातली ही सर्वांत लहान रक्कम असावी.

जुलै १९४४. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स या डोंगराळ ठिकाणी एका हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालावा हे ठरवायचे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था तिथेच जन्मल्या. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते अर्थसभासद सर जेरेमी रेझमन होते, पण त्यात तीन हिंदी होते: देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि उद्योगपतींच्या बाजूचे ए. डी. श्रॉफ. परतंत्र देशाचे शिष्टमंडळ एरवी होयबा म्हणून जाते. हे तसे वागले नाही. लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत डॉलरसारख्या चलनात मोकळा व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. श्रॉफ यांनी सभेत सांगितले की, बँकेत दहा लाख डॉलर आहेत पण टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसे नाहीत, अशी तुम्ही आमची गत करता आहात. ब्रिटनच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञ केन्स उभे राहिले. हे देणे ब्रिटन आणि त्याचे धनको आपसात मिटवतील, त्यात नाणेनिधी नको, असे म्हणून त्यांनी दार लावले; पण ब्रिटन हे देणे इभ्रतीने फेडील, असेही सर्व राष्ट्रांसमोर बोलून गेले. देशमुखांच्या दृष्टीने पराभवातली कमाई ती. बोललेला शब्द इतिवृत्तात आला.

दुसरी कमाई नाणेनिधीतल्या कोट्याची, म्हणजे वाट्याची. हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर सहावा. चीनला ५५ कोटी आणि आपल्याला ४०, यावर शिष्टमंडळाने खूप कुरकुर केली. पुढे रशिया नाणेनिधीत आलाच नाही, आणि पहिल्या पाचांना कार्यकारी मंडळात कायमची जागा हा नियम असल्याने ती जागा आपल्याला मिळाली. अजून राज्य साहेबाचे होते, तेव्हाच.

इभ्रतीचा शब्द लंडनमध्ये सर्वांना मान्य होता असे नाही. हिंदुस्थानचे आम्ही रक्षण केले, तेव्हा त्याचा मोबदला या देण्यातून वजा झाला पाहिजे, हे खुद्द चर्चिलचे म्हणणे होते आणि मंत्रिमंडळात त्याने ते पुन्हापुन्हा मांडले. ज्या युद्धनेत्याचे पुतळे उभे राहिले त्याला हे बिल बुडवायचे होते. बिल बुडले नाही याचे एक कारण साधे होते: ते लिहिलेले होते, दर आठवड्याच्या ताळेबंदात छापलेले होते, आणि वाटाघाटीच्या टेबलाशी तो ताळेबंद पाठ असलेला माणूस बसत होता. १४ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, पहिला तात्पुरता करार झाला. तेव्हा शिल्लक ११६ कोटी पौंड होती. त्यातले साडेसहा कोटी मोकळे झाले, बाकी गोठवलेल्या खात्यात. पुढे युद्धसाहित्य आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांपोटी मोठी रक्कम कापली गेली. रक्कम पूर्ण हाती आली नाही, पण माफही झाली नाही.

मधला एक प्रसंग आजच्या श्रोत्यांना ओळखीचा वाटेल. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. युद्धातल्या काळ्या बाजाराचा पैसा पकडायचा होता. गव्हर्नरांना त्यातून फारसे हाती लागेल असे वाटत नव्हते. अशा सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी १३५ कोटींच्या आसपास बँकेत परत आल्या. म्हणजे पकडायला निघालेले पैसे रांगेत उभे राहून बदलून गेले.

फाळणीत रिझर्व्ह बँकेला काही महिने दोन देशांची बँक म्हणून चालावे लागले. १ जानेवारी १९४९ ला तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जूनअखेर देशमुख पायउतार झाले.

माणूस म्हणून ते कसे होते? बोलण्यात मोजके, आकड्यांत काटेकोर, आणि संस्कृत रोजच्या घासासारखे. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. बागेची हौस केंब्रिजपासूनची. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या, त्या १९४९ मध्ये वारल्या. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केले. दुर्गाबाई आंध्रातल्या स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सभासद आणि वकील. नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून सही पंडित नेहरूंची होती. तीन वर्षांनी याच साक्षीदाराच्या तोंडावर देशमुखांना राजीनामा ठेवायचा होता. त्यानंतरही विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार असा मोठा कालखंड आहे. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला वारले. हा सगळा भाग स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, इथे फक्त नोंद.

आता पुन्हा मागे. गव्हर्नरपद सोडल्यावर वर्षभराने, जून १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मते मागत फिरणारे चिंतामणराव ही कल्पनाच अवघड, पण महाडकरांनी आणि पोलादपूरकरांनी त्यांना मत दिले. इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली, जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, ही दोन्ही कामे त्यांच्या कारकिर्दीतली. पहिल्या पंचवार्षिक योजनेला परकी चलन लागले तेव्हा ते कुठून आले? लंडनच्या त्याच खात्यातून. करारानुसार वर्षाला साडेतीन कोटी पौंड सुटत होते. गव्हर्नर म्हणून जे येणे सांभाळले, तेच अर्थमंत्री म्हणून धरणांना आणि यंत्रांना लावण्याची पाळी त्यांच्यावर आली, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचे जाहीर झाले. मुंबईत गोळीबार झाले. गिरणगावात जी माणसे पडली, त्यांच्यासारखी माणसे याच घाटाखालच्या गावांतून गेलेली होती. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. तो मंजूर व्हायला जुलै उजाडला. दरम्यान नेहरूंनी जूनमध्ये मुंबईत केंद्रशासनाचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता पुन्हा जाहीर केला, आणि देशमुखांचा खरा आक्षेप तिथे होता. २५ जुलैला लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोनच गोष्टींवर भर दिला: गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, आणि मंत्रिमंडळाची पद्धत मोडली गेली. आवाज चढवला नाही. सदतीस वर्षे फायली वाचलेल्या माणसाने पंतप्रधानाच्या कारभारातली प्रक्रियेची चूक दाखवली, आणि ती चूक मराठी माणसाच्या रक्ताशी जोडलेली होती म्हणून ती सभागृहाबाहेर शेकडो मैलांवर ऐकू गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून त्यांचे नाव टाळ्या घेऊ लागले. मिरवणुकीत न उतरलेल्या माणसाला मिरवणुकीने उचलले, ते एवढेच एकदा.

त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. ती मोठी होती आणि तिच्या यंत्रसामग्रीची आयात त्याहून मोठी. युद्धाची शिल्लक वर्षाला साडेतीन कोटी पौंडांनी जपून खर्चायची ही सवय मोडली. पुढच्या दोन वर्षांत गंगाजळी वेगाने उतरली आणि १९५८ मध्ये भारत परकी चलनासाठी इतर देशांच्या दारात मदत मागायला उभा राहिला. मदत ठरवणाऱ्या बैठकांत ब्रिटन पुन्हा धनकोंच्या बाजूला बसला होता.